काकू, खिसा ठेवा

सांगली,
रविवार, दुपारी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराचा तुझा मेसेज आज सकाळी वाचला. "आई, कॉलेजच्या साठ तासांसाठी इथल्या बालगृहात जातेय ना, तिथं मी काय शिकले यावर दोन पानं लिहायचीत, बुधवारी द्यायचीत, काय लिहू?" फोनच केला असता. पण फोनवर तू दोन मिनिटं "हो गं, हो गं" करतेस आणि डबा आला म्हणून ठेवून देतेस. उद्या सकाळी साताऱ्याच्या एसटीने तुझं पार्सल निघणारच आहे, त्यातच हे पत्र घालते. आज दुकान बंद आहे, दिवाळीचे ब्लाउज बंद नाहीत. मधेमधे उठून लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस.

आधी तो फोटो स्टेटसवरून काढ. मांडीवर बसलेली पोर गोड आहे, तूही छान दिसतेस, तरी काढ. 2015च्या बाल न्याय कायद्यात 74वं कलम आहे. बालगृहातल्या मुलाचं नाव, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीच बाहेर जाता कामा नये. सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. शिलाईवाल्या बाईला कलमं कुठून पाठ, असं म्हणशील. मी इथल्या बालगृहातल्या मुलींचे मी शिवलेल्या फ्रॉकमध्ये फोटो काढले होते, दुकानाच्या अल्बमला होतील म्हणून. तिथल्या अधीक्षिका मॅडमनी ते माझ्यासमोर एकेक करून पुसायला लावले आणि वर कलम ऐकवलं. मला रागच आला होता. म्हटलं, मी काय चोर आहे?

तो राग 2019च्या ऑगस्टात उतरला. कृष्णेच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट, त्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मारुती चौकातल्या दुकानात दोन्ही मशिनी बुडाल्या आणि आपण त्या शाळेच्या वर्गात राहिलो, सतरंजीवर, सात घरांची माणसं. तू तेरा वर्षांची होतीस. एक गाडी आली, त्यातल्या एकाने तुझ्या हातात ब्रेडचा पुडा दिला आणि सोडला नाही. एक टोक त्याच्या हातात, एक तुझ्या, आणि मागून दुसरा म्हणतोय, "इकडं बघ की जरा, हां, अशीच." तू बघितलंस. रात्री मात्र तो ब्रेड खाल्ला नाहीस, पोट भरलंय म्हणालीस. माणसं वाईट नव्हती ती. रात्रभर गाडी हाकत आली होती, त्यांच्याच ब्रेडवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर आपण चार दिवस काढले. मी आजही त्यांना नावं ठेवणार नाही. पण ते टोक तुझ्या लक्षात असणार.

दुसरं, निबंधात "अनाथाश्रम" लिहू नकोस. बालगृह लिही. तिथल्या सगळ्या मुली अनाथ नसतात. कुणाची आई ऊसतोडीला जाते आणि पोर ठेवायला जागा नाही, कुणाचा बाप दारूत गेला, कुणाच्या घरी राहणंच धोक्याचं. बालकल्याण समिती बघते, ठरवते आणि मग मूल तिथं येतं. ज्या पोरीची आई महिन्यातून एकदा भेटायला येते, तिला तू अनाथ म्हटलंस तर तिने कुणाकडे बघायचं?

आता फ्रॉकचं सांगते. तुला अर्धवट माहीत आहे. तू पाचवीत होतीस, दुकानभर निळ्या कापडाचे तागे होते, पांढऱ्या ठिपक्यांचे, त्यावर तू झोपायचीस. दिवाळीसाठी एका दात्याने बालगृहातल्या 32 मुलींना फ्रॉक द्यायचे ठरवले होते. शिलाई नगाला 80 रुपये. फुकट शिवले नव्हते, उगाच आव नको. बालगृहातून यादी आली, नाव आणि वय. मापं नव्हती. जाऊन घ्यायला हवी होती. पण सीझन होता, ब्लाउज तुंबले होते, आणि खरं सांगायचं तर हाताचा गर्व होता. दहा वर्षांची म्हणजे छाती 28, बाराची म्हणजे 30, डोळे मिटून कापते की मी. कापले, शिवले, इस्त्री करून रिक्षातून नेले.

बत्तिसातले अकरा बसले नाहीत. दहाची म्हणून लिहिलेली पोर आठची दिसत होती, गळा खांद्यावरून घसरून दंडावर आला. एकीची बाही काखेत काचत होती, तरी ती म्हणत होती, "बसतोय, बसतोय," कारण तिला वाटलं, नाही म्हटलं तर परत नेतील. मॅडमनी सांगितलं, यातल्या कित्येकींची जन्मतारीख 1 जून आहे, शाळेत घालताना कुणीतरी टाकलेली. खरं वय कुणाला ठाऊक? मी ज्यावरून मापं काढली तो आकडाच मुळात अंदाजाचा होता.

मग तीन रविवार टेप घेऊन तिथं जाऊन बसले. व्हरांड्यात सतरंजी, एकेक पोर समोर उभी, मी उसवतेय. त्यात एक नऊ-दहा वर्षांची हळूच म्हणाली, "काकू, माझा गळा वेगळा करा की."

"का गं? गोल छान दिसतोय."

"सगळ्यांचा तोच आहे."

मला कळेना. मग शेजारची मोठी मुलगी म्हणाली, "काकू, हेच घालून आम्ही शाळेच्या कार्यक्रमाला जातो. लांबूनच कळतं सगळ्यांना, बालगृहाच्या पोरी आल्या."

सोनू, 32 फ्रॉक एका कापडाचे कापताना मला एकदाही हे सुचलं नव्हतं. उलट कापड वाया जात नाही म्हणून बरं वाटलं होतं. दात्यालाही सुचलं नसेल. घाऊक घेतलं, स्वस्त पडलं, नजरेत भरलं.

उरलेल्या कातरणातून जमेल ते केलं. कुणाला चौकोनी गळा, कुणाला पानगळा, कुणाला कॉलर, कुणाच्या घेराला झालर. दुकानात लाल, पिवळ्या पायपिंगचे तुकडे पडले होते ते संपवले. पण गळ्यापेक्षा जास्त मागणी कशाची होती, सांग बघू. खिशाची. पहिल्या मुलीला बाजूच्या शिवणीत खिसा लावला आणि रांगच लागली, "काकू, खिसा ठेवा." मी म्हटलं, फ्रॉकला कशाला गं खिसा? त्या नुसत्या हसल्या. कपाट तिघींत एक, पेट्यांना कुलूप नाही, गादी आज ही तर उद्या ती. तिथं सामान ठेवायला जागा असते, पण आपलं म्हणावं असं ठेवायला नसते. एकीने तर आतून चोरखिसा मागितला. दुसऱ्या रविवारी मी विचारलं, काय ठेवलंस गं? तिने इकडेतिकडे बघून दाखवलं. चार चिंचोके आणि पेनाचं टोपण. दाखवून लगेच आत.

तेव्हापासून मी तिथल्या कपड्यांचं काम घेते. त्यात समाजसेवा वगैरे फार नाही. लोक जुने कपडे आणून टाकतात, ते निवडायचे. एका गोणीत निम्म्याला चेन नाही, निम्म्याला बटणं नाहीत. लग्नातला जरीचा कोट, एका पायाचा मोजा. आपण वापरणार नाही म्हणूनच दिलेले असतात ते. मी आणि मोठ्या मुली बसून काजं-बटणं करतो, तुरपाई करतो, न होण्यासारखे पुसण्यात टाकतो. पितृपंधरवड्यात रोज खीर-वडे येतात आणि मावशींना पोरींची पोटं सांभाळावी लागतात, हे तू लिहिलंस ते इथंही तसंच. वाढदिवसाचे केक एका दिवशी दोन-दोन. जूनमध्ये वह्या, रेनकोट आणि उवांचं औषध लागतं तेव्हा मात्र चिटपाखरू फिरकत नाही.

आता तू शनिवारी गणित शिकवतेस त्या पोरीचं. तू म्हणतेस, "आई, ती माझ्याशी बोललीच नाही, भिंतीकडे तोंड करून बसली, मी डेअरी मिल्क दिली ती शेजारणीला देऊन टाकली." बरं झालं दिली. तू आधीच्या शनिवारी मैत्रिणींबरोबर कासला फुलं बघायला गेलीस. जावं, त्या वयात जायलाच हवं. पण तू आदल्या खेपेला जाताना म्हणाली होतीस, "शनिवारी भागाकार पूर्ण करू." तुझ्यासाठी ते बोलायची पद्धत. तिच्यासाठी तारीख होती. मावशींनी तुला सांगितलं ना, ती चार वाजल्यापासून गेटजवळच्या कट्ट्यावर वही घेऊन बसली होती? तिच्याकडे आजवर किती माणसं "येते हं" म्हणून गेलीत, तो हिशेब तुझ्याकडे नाही, तिच्याकडे आहे. चॉकलेटने खाडा भरून निघत नाही. पुढच्या शनिवारी जा, माफी एकदाच माग, लांबण लावू नकोस, आणि वही उघडून बस. बोलेल तेव्हा बोलेल.

आणि तुझे साठ तास नोव्हेंबरात संपतात, हे तिला आत्ताच सांग. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघींनी मिळून खुणा करा, इतके शनिवार उरले. शेवटच्या दिवशी गळ्यात पडून रडायचं आणि गायब व्हायचं, हे त्या पोरींनी खूप बघितलंय. परीक्षेनंतर महिन्यातून एकदा जमणार असेल तर एकदाच सांग. जमणार नसेल तर तेही सांग.

ती गणितात कच्ची आहे असं तू लिहिलं होतंस. पाचवीपर्यंत चार शाळा झाल्यात तिच्या, मधली दोन वर्षं कुठं गेली कुणास ठाऊक. कच्ची नाही गं, तिचे धडेच राहिलेत. तिला विचार, एक किलो पिठाच्या पोळ्या किती होतात आणि पन्नास माणसांना प्रत्येकी तीन म्हणजे पीठ किती. स्वयंपाकघरात मावशींच्या हाताखाली असते म्हणालीस ना? तुझ्याआधी उत्तर देईल. मग तोच भागाकार वहीत मांड.

निबंधात काय लिहायचं ते मी कसं सांगू? तिथं तू जातेस. फक्त "त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून समाधान मिळालं" हे वाक्य लिहू नकोस. ते वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय, बहुतेक वेळा केकची सुरी हातात असताना. कासचा शनिवार लिही. मार्क कमी पडले तर पडू देत.

तिथल्या सतरा वर्षांच्या मुलीविषयी तू एक ओळ लिहून सोडून दिलीस. अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटतं. पुढं एकविसापर्यंत अनुरक्षण गृहात राहायची सोय कायद्यात आहे, पण ते साताऱ्यात जवळ आहे का, तिथं जागा मिळेल का, तिच्या आधारकार्डावर पत्ता काय, बँकेत खातं आहे का, हे तिला कुणी सांगितलंय? लहान पोरींना मांडीवर घ्यायला सगळे असतात. सतरा वर्षांची मुलगी कोपऱ्यात उभी राहून कपडे वाळत घालते, तिच्याशी काय बोलावं ते कुणाला कळत नाही. तू तिच्याहून दोनच वर्षांनी मोठी. अधीक्षिकांना विचारून तिच्याबरोबर अर्ज भरायला बस. तुला स्वतःला तरी कुठं भरता येतात, गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा फॉर्म तीनदा परत आला होता. दोघी मिळून शिका.

साताऱ्यात राहतेस म्हणून एक आठवलं. कर्मवीर भाऊराव अण्णांनी 1924 मध्ये तिथं बोर्डिंग काढलं आणि पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं, हे आपल्याला शाळेत सांगतात, भाषणात सांगतात. मी शिलाईच्या मशिनवर बसले की मला भलतंच सुचतं. मंगळसूत्र एकदा मोडता येतं. त्याच्या आदल्या दिवशीही पोरं जेवलीच असतील आणि पुढच्या आठवड्यातही भूक लागलीच असेल. त्या रोजच्या भाकरींचं कुणी भाषण करत नाही.

असो. ब्लाउजवाली दारात आलीय, आवरतं घेते.

पार्सलमध्ये भडंग आहे, एक पुडा तुझा, एक रूमवरच्या मुलींचा. भांडू नका. हळद अर्धा किलो, मेसच्या काकूंना दे. बटणांचा जुना डबा घातलाय, त्यात सुया टोचलेली रिळं आहेत, मोठ्या मुलींपाशी दे आणि सुया मोजून दे, मोजून परत घे. बाबांचा सर्दीचा त्रास कमी आहे.

त्या रुसलेल्या पोरीला दिवाळीला फ्रॉक शिवावा म्हणते. पण तिच्या एकटीचाच कसा, म्हणून मॅडमना विचार की तिथल्या चौदाही जणींचे शिवून पाठवले तर चालेल का. माझ्याकडे वेगवेगळ्या कापडाचे तुकडे बरेच साठलेत, एकासारखा एक होणार नाही. हो म्हणाल्या तर मापं पाठव. छाती, कंबर, खांदा, बाही, उंची, आणि प्रत्येकीला खिसा कुठल्या बाजूला हवा ते. वय लिहू नकोस. टेप डब्याच्या तळाशी आहे.

तुझी,
आई