हँडिकॅप पारवरून काढू नका

संपादक महोदय,

आपल्या क्रीडापानावर डिस्क गोल्फविषयी, म्हणजे तबकडी कमीत कमी थ्रोंमध्ये बास्केटमध्ये टाकण्याच्या खेळाविषयी, लिहिताना हँडिकॅप (खेळाडूच्या स्कोअरमधून वजा होणारी थ्रोंची सवलत) म्हणजे ‘पारपेक्षा सरासरी जितके थ्रो जास्त तितका’ असे सांगितले आहे. पुष्कळ क्लब तसाच काढतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. पार हा टीजवळच्या, म्हणजे पहिला थ्रो टाकण्याच्या जागेजवळच्या, फलकावर लिहिलेला अपेक्षित थ्रोंचा आकडा. पार ५४ असलेल्या एखाद्या सोप्या कोर्सवर तयारीचा खेळाडू ४८ मध्ये फेरी संपवतो, तर पार ६० च्या अवघड कोर्सवर त्यालाच ६० लागतात. म्हणून मोजणी स्क्रॅच स्कोअरपासून करावी, म्हणजे पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेचे १००० रेटिंग असलेल्या खेळाडूला त्या लेआउटवर (टी आणि बास्केटच्या त्या मांडणीवर) सरासरी जितके थ्रो लागतील तिथून. लांबच्या आणि जवळच्या टींचे आकडे वेगळे. बास्केटची जागा बदलली की आकडाही बदलला.

समजा स्क्रॅच ५२ आहे आणि एका खेळाडूच्या शेवटच्या आठ फेऱ्या ६१, ५८, ६४, ५९, ७१, ६०, ६२, ५७ अशा आहेत. फरक पडतात ९, ६, १२, ७, १९, ८, १०, ५, सरासरी ९.५. त्यातली ७१ ची एकच फेरी वगळली तर सरासरी ८.१ वर येते. एका वाईट दिवसाने खेळाडूला जवळजवळ दीड थ्रो फुकट मिळाला! यावर दोन उपाय रूढ आहेत: सगळ्या फेऱ्यांच्या सरासरीचे ८० टक्के घ्यावेत (७.६), किंवा आठांपैकी उत्तम चार घ्याव्यात (६.५). मला दुसरा पटतो, कारण मुद्दाम खराब खेळून हँडिकॅप फुगवणाऱ्याची त्यात डाळ शिजत नाही. मात्र दोन्ही एकत्र लावू नयेत. मग नवशिक्याला जिंकायला जागाच उरत नाही.

वाऱ्याच्या दिवशी ५२ धरून बसणे चूक. त्या दिवशी खेळलेल्या, हँडिकॅप ठरलेल्या किमान पाच जणांच्या स्कोअरमधून ज्याचा त्याचा हँडिकॅप वजा करा. ६०, ६३, ५७, ६६, ५९ मधून ५, ९, ३, १०, ६ गेले की ५५, ५४, ५४, ५६, ५३ उरतात, सरासरी ५४.४. त्या दिवसाचा स्क्रॅच हाच, आणि फरक नोंदवायचे तेही यापासूनच. पाचांपेक्षा कमी जण असतील तर या आकड्यावर विसंबू नये.

दशांश कापू नका, ते ठेवले की बरोबरीचे निकाल कमी होतात. अर्धवट सोडलेली फेरी हिशेबात धरू नका. आणि तक्त्यात हमखास होणारी चूक: आजचा स्कोअर आधी भरला जातो आणि त्यातून निघालेला नवा हँडिकॅप आजच्याच निकालाला लागतो. आज वाईट खेळलेल्याला आजच सवलत! निकाल आधी लावावा, नोंद मग करावी.

आपला,
क्लब स्पर्धांचा एक हिशेबनीस