बिंबाभ्रिका म्हणा की!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला आकाशगंगेवरचा लेख वाचला. 'ग्रहीय तेजोमेघांत ग्रह जन्माला येतात आणि ते आकाशात सर्वत्र विखुरलेले असतात,' असं त्यात छापलंय. एका वाक्यात दोन चुका!

१७८०च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून या वस्तू ग्रहासारख्या वाटोळ्या, फिकट दिसल्या, म्हणून ग्रहांचं नाव चिकटलं. ग्रहांशी नातं तेवढंच. म्हातारा तारा बाहेरचे थर सोडतो, उघडा पडलेला तप्त गाभा तो वायू उजळवतो आणि दहा-वीस हजार वर्षांत सारं विरतं. मराठीत 'बिंबाभ्रिका' असा नेमका शब्द असताना लेखकाने तो का टाळला कोण जाणे.

आता 'सर्वत्र'. आपल्या आकाशगंगेत तीन हजारांहून अधिक बिंबाभ्रिका सापडल्या आहेत. त्यातल्या बहुतेक आकाशगंगेच्या पट्ट्यालगत आहेत आणि खरी दाटी धनू राशीकडे, म्हणजे केंद्राच्या दिशेला. धुळीआड दडलेल्या वेगळ्याच.

मी लोकलचा निवृत्त मोटरमन. समोरून येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा लागतो, गाडी मागे गेली की उतरतो. बिंबाभ्रिकांचा वेगही असाच कळतो, फक्त आवाजाऐवजी प्रकाशावरून. त्यांचा प्रकाश रंगांत फोडला की त्यांच्यातला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीची ठळक हिरवी रेघ देतो. बिंबाभ्रिका सेकंदाला १०० किलोमीटरने आपल्याकडे येत असेल तर ती रेघ जेमतेम ०.१७ नॅनोमीटरने निळ्याकडे सरकते. एवढंसं सरकणं मोजून चित्र उभं राहतं: आकाशगंगेच्या चपट्या चकतीतल्या बिंबाभ्रिका सूर्यासारख्याच, रुळावरून गेल्यासारख्या केंद्राभोवती फिरतात. केंद्राजवळ मात्र संध्याकाळी सहाचा दादरचा पूल! एक सेकंदाला दोनशे किलोमीटरने आपल्याकडे येतेय, शेजारची तितक्याच वेगाने लांब जातेय. तिथले जुने तारे वाटेल तशा कललेल्या कक्षांत फिरतात, त्यांच्या बिंबाभ्रिकाही तशाच.

मुंबईच्या उजेडात मला काही दिसत नाही. पावसाळा सरल्यावर वांगणीला गेलो होतो, तिथे दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याजवळची बिंबाभ्रिका, ते राखाडी कडं पाहिलं. विडीच्या धुराचं असतं ना, अगदी तसं.

पुरवणीतली खगोलाची कात्रणं मी वहीत चिकटवतो. हे बाजूला ठेवलंय. दुरुस्ती छापलीत की दोन्ही एकदमच चिकटवीन.

— एक निवृत्त मोटरमन, मुलुंड (पूर्व), मुंबई