सईच्या कागदावरची सही

उद्यमनगर, कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय विल्या,

सईला फॉर्म्युला ४ च्या, म्हणजे कार्टिंगच्या पुढच्या पायरीच्या, शर्यतीच्या गाडीच्या चाचणीचं बोलावणं आलंय. कोइमतूरला, करी मोटर स्पीडवेवर. पालकांच्या संमतीचा कागद माझ्या टेबलावर पडलाय आणि सही होत नाही. फोन केला असता तर तू "नाद खुळा!" म्हणून ओरडला असतास आणि पुढं मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून लिहितोय. घरात सगळ्यांशी बोलून झालंय. मी काय म्हणतोय ते त्यांना कळतं. का म्हणतोय ते कळायला १ मे १९९४ ला मंगळवार पेठेत तुमच्या माडीवर असायला हवं होतं.

तब्येतीचं उरकतो. आईचे गुडघे तसेच. माझी शुगर ताब्यात. वैशाली बरी आहे, पण माझ्याशी मोजकंच बोलते. कारण हेच.

कार्टिंग तिनं खपवून घेतलं होतं. पावसाळ्याआधी सईचं कार्ट उलटलं, बरगडीला मुका मार बसला. पोरगी उठली आणि पहिला प्रश्न काय, तर "बाबा, एक्सल वाकला का?" तू असतास तर तिला खांद्यावर घेऊन नाचला असतास. वैशाली मात्र त्या दिवसापासून ट्रॅकवर आलेली नाही. आता तिला मी सांगतोय की फॉर्म्युलाची गाडी कार्टपेक्षा कितीतरी वेगवान असली तरी सई तिच्यात जास्त सुरक्षित असेल. कार्टमध्ये पट्टा नसतो, उलटलं की माणूस बाहेर फेकला जातो. इथं ती कार्बन फायबरच्या टबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर बसतो त्या कवचात, पट्ट्यांनी आवळलेली असेल, मानेला हान्स, म्हणजे हेल्मेट धरून ठेवणारा खांद्यावरचा आधार, आणि डोक्यावर हेलो, म्हणजे कॉकपिटवरची कमान. हे मी कागदावर चित्रं काढून समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे एकेक कोण गेल्यावर बसवलं?"

विल्या, मला उत्तर येत होतं, म्हणूनच देता आलं नाही.

आपण आयुष्यभर भांडलो ते सगळं वेगाबद्दल. शर्यतीतला सगळ्यात मोठा शोध कुठला? तुझं कायम एकच, लोटस ७९. बाजूच्या पेट्यांच्या पोटात उलटा पंख, कडेला जमिनीला टेकणाऱ्या स्कर्ट, खालून हवा पळाली की गाडी आपोआप रस्त्याला चिकटणार. १९७८ ला अँड्रेटी त्यावर विश्वविजेता झाला. लोटसवाला चॅपमन, तुझा देव. तू लूनाला पुठ्ठ्याच्या स्कर्ट लावून रंकाळ्याला चक्कर मारली होतीस आणि अर्ध्या वाटेत डावी स्कर्ट चाकात गेली होती, ते बंडा अजून नव्या माणसाला पहिल्या भेटीत सांगतो.

माझं उत्तर कॉसवर्थ डीएफव्ही, फॉर्म्युला वनचं इंजिन. आप्पा मिस्त्रींच्या हाताखाली ओतकाम बघत वाढलेल्या पोराचं दुसरं काय असणार? कीथ डकवर्थनं इंजिनच चेसिसचा, गाडीच्या सांगाड्याचा, भाग केलं. टब ड्रायव्हरच्या पाठीशी संपतो, तिथं बोल्टनं इंजिन जोडायचं, आणि मागची चाकं ज्याच्यावर तोलली आहेत ते सस्पेन्शन थेट इंजिन-गिअरबॉक्सला. म्हणजे ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकनं ताकदही द्यायची आणि गाडीचा भारही झेलायचा. १९६७, झांडव्हूर्ट, पहिलीच शर्यत, जिम क्लार्क पहिला. पुढं त्या कुळातल्या इंजिनांनी १५५ ग्रांप्री जिंकल्या. आणि कारखान्याच्या दारात कुणीही पैसे टाकावेत आणि विकत घेऊन जावं असं इंजिन! छोट्या शेडमधला माणूस त्याच्या जोरावर फेरारीला भिडायचा. तू मला "लॅन्शिया डी ५० नं १९५४ लाच इंजिनवर भार घेतला होता" म्हणून गप्प करायचास. घेतला होता, मान्य. पण तो टिकवून, जिंकून, विकून दाखवला डकवर्थनं. हे भांडण मी सोडलेलं नाही, नोंद घे.

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कूपर बाप-लेकांवर मात्र आपलं एकमत होतं. सर्बिटनच्या गॅरेजात बसून इंजिन ड्रायव्हरच्या मागं टाकलं आणि १९५९ ला ब्रॅबहॅमला जगज्जेता केलं. दोन-तीन वर्षांत पुढं इंजिन असलेल्या गाड्या ग्रांप्रीतून गेल्या. आपल्या उद्यमनगरात अशी कितीतरी गॅरेजं आहेत, असं आपण दोघं मिसळ खाता खाता म्हणायचो. मी अजून म्हणतो.

पण हल्ली झोप लागत नाही तेव्हा मी दुसरीच यादी करतो, गाडीत गेलेल्यांची. जिम क्लार्क, १९६८, हॉकेनहाइम, लोटस. रिंट, १९७०, माँझा, लोटस ७२, पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला, आणि विश्वविजेतेपद मेल्यावर मिळालं. पीटरसन, १९७८, पुन्हा माँझा. सरावात त्याची ७९ मोडली म्हणून जुनी ७८ घेऊन उतरला होता. तुझ्या देवाला दोष देत नाही. चॅपमन वजन उतरवायचा आणि त्यातूनच सुंदर गाड्या व्हायच्या. पण बाप म्हणून बघताना मला त्या गाडीत काय होतं यापेक्षा काय नव्हतं तेच दिसतं.

म्हणून आज विचारशील तर माझं उत्तर बदललंय. जॉन बर्नार्ड, मॅक्लारेन एमपी४/१, १९८१. ग्रांप्रीत पहिल्यांदा अख्खा टब कार्बन फायबरचा. इंग्लंडात करून देणारं कुणी मिळेना, तर अमेरिकेत यूटाला हर्क्युलिस या विमान-रॉकेटवाल्या कंपनीकडून करून घेतला. लोक म्हणायचे, आपटला की भुगा होईल. त्याच वर्षी माँझाला जॉन वॉटसननं गाडी आपटली, इंजिन-गिअरबॉक्स तुटून वेगळं झालं आणि वॉटसन टबमधून उतरून चालत गेला. बर्नार्डला खरं तर टब अरुंद करायचा होता, खालून हवेला जागा हवी होती म्हणून. तुझ्या ७९ च्या त्या रस्त्याला चिकटण्यासाठीच, ग्राउंड इफेक्टसाठीच! वेगासाठी केलेल्या वस्तूनं माणूस वाचवला. हे मला फार मोठं वाटतं आणि तुलाच सांगावंसं वाटतं.

तरी त्या १ मेला शर्यतीत आयर्टन सेना गेला. टब शाबूत होता. सस्पेन्शनचा तुकडा हेल्मेटमधून आत गेला. आदल्या दिवशी रात्झेनबर्गर, कवटीच्या तळाचं हाड मोडून. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, रविवार, काकूंनी केलेली भजी कुणीच खाल्ली नाहीत, आणि तुझे आबा खालून ओरडत होते की टीव्ही बंद करा. त्या मोडणाऱ्या हाडासाठीचं उत्तर म्हणजे हान्स, २००३ ला फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचं झालं. डोकं उघडं होतं, ते राहिलंच.

आणि आता जे वैशालीला सांगितलं नाही ते. हेन्री सर्टीस. जुलै २००९, ब्रँड्स हॅच, फॉर्म्युला टू. दुसऱ्या गाडीचं निसटलेलं चाक डोक्यावर आलं. वय १८. बाप कोण, तर जॉन सर्टीस, मोटरसायकलवर आणि मोटारीत, दोन्हीकडं विश्वविजेता झालेला जगातला एकमेव माणूस. गाडीतलं ज्याला सगळं कळत होतं त्या माणसाचा पोरगा. मग मला लेथ आणि मिलिंग कळतं म्हणून मी काय सांभाळणार आहे?

२०१८ ला हेलो आला तेव्हा तू म्हणालास, "गाडीला कोल्हापुरी पायतानाचा अंगठा लावलाय, आता बघायचं कशाला?" आणि रुसून अख्खा हंगाम बघितला नाहीस. मी तेव्हाही म्हणालो होतो की राहू दे. सुमारे ७ किलोचं टायटॅनियम, १२ टनांच्या आसपास भार झेलणारं. मग २०२० चं बहारीन. ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, आगीचा लोळ, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत माणूस आपल्या पायांनी बाहेर. तोही आधी हेलोच्या विरोधात होता. दवाखान्यातून त्यानं सांगितलं की हेलो नसता तर मी बोलायला उरलो नसतो. त्या रात्री तुझा फोन आला होता. तू काही बोलला नाहीस, फक्त "बघितलंस?" म्हणालास. मला ते पुरलं.

सईच्या गाडीला हेलो आहे. टब कार्बनचा आहे. पट्टे मी स्वतः तपासणार आहे, एकेक बकल. खर्चाचं बघू, शिरोलीचं काम यंदा बरं आहे. पोरीला विचारलं, भीती वाटते का. म्हणाली, "वाटते, पण ब्रेक कुठं मारायचा ते कळतं तेव्हा जाते." एवढं नेमकं उत्तर मला पन्नाशीतही देता आलं नसतं.

तुझं काय? ओंकारला नोकरी लागली ते बंडाकडून कळलं, पेढे पाठव. पाठीचं ऑपरेशन पुढं ढकलू नकोस. बदलीचं अडलंय का अजून? वहिनींना नमस्कार.

आता काम. काल रात्री वैशाली म्हणाली, "कर सही, पण मी येणार आणि विलास भावजींना बोलाव. तू एकटा तिथं उभा राहायला नको." तेव्हा बंगळुरूहून गाडी काढ, कोइमतूर तुला आमच्यापेक्षा जवळ आहे. महिनाअखेरीला आहे, तारीख पक्की झाली की कळवतो. रजेचं आत्ताच बघ. खोली तुझ्यासाठीही सांगून ठेवतोय. आणि सईसमोर ७९ चा विषय काढू नकोस, ती माझ्या बाजूची आहे.

तुझाच,
सुऱ्या