बाबा, डी ११२ म्हणजे शाबासकी नव्हे

प्रिय आई-बाबा,

फोनवर डी जीवनसत्त्वाचा विषय काढला की बाबा "हो हो" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून सरळ लिहायलाच बसले. दादाने काल दोघांचे रक्ताचे रिपोर्ट पाठवले. खाली बाबांचा मेसेज, "माझं डी ११२, आईचं १४, बघ कोण फिट!" बाबा, हे दहावीचे मार्क नव्हेत हो. २० च्या खाली गेलं तर कमी हे खरं, पण १०० च्या वर गेलं तर ते जास्त झालं, त्याला कोणी पदक देत नाही.

आणि मुळात त्या डीच्या ६०,००० युनिटच्या पुड्या लिहून दिलेल्या आईच्या गुडघ्यांसाठी. आठवड्याला एक, ८ आठवडे, बस्स. आईने दोन घेतल्या आणि "मला उष्ण पडतात" म्हणून ठेवून दिल्या, बाबा म्हणाले टाकायच्या कशाला, आणि तेव्हापासून दर रविवारी दुधातून बाबाच घेतायत, दोन वर्षं झाली, मधेच आठवण आली की बुधवारी पण एक. चवथीला गणपतीवरची माटोळी बांधताना अभिमानाने सांगत होते, मी हसले, तेव्हाच कान टवकारायला हवे होते. फार्मसीवाला ओळखीचा, चिठ्ठी न बघता देतो. क जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे जातं, डी तसं जात नाही, चरबीत साठतं आणि कित्येक महिने राहतं.

आता रिपोर्टमधली दुसरी ओळ बघा, जी कोणीच बघितली नाही. बाबांचं कॅल्शियम १०.९, शेजारी एच छापलंय, एच म्हणजे जास्त. साधारण ८.५ ते १०.५ मध्ये असायला हवं. आईचं ९.१, एकदम नॉर्मल, म्हणून बाबा म्हणतात "कॅल्शियम बरोबर आहे मग हिला डी कशाला". इथेच तर गंमत आहे. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातल्या कॅल्शियमवर त्यांचा पहारा. डी कमी असलं की जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून नीट उचललं जात नाही, मग या ग्रंथी हार्मोन सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत, त्यामुळे उचल घ्यायला गोदाम मोठं आहे. रक्ताचा आकडा छान दिसतो पण खर्च आईच्या हाडांतून चाललाय. गरज तिला होती आणि पुड्या गेल्या बाबांच्या पोटात, आमच्या घरात काहीही होऊ शकतं.

बाबांचं उलटं. डी जास्त, म्हणून कॅल्शियम आत खेचलं जातंय, वर तुमची बीपीची गोळी लघवी वाढवणाऱ्या क्लोरथॅलिडोनची आहे, ती कॅल्शियम लघवीतून बाहेर जाऊ देत नाही. सारखी तहान, रात्री तीनदा उठणं, पोट साफ न होणं, दुपारची सुस्ती, हे सगळं आपण "वय झालं" म्हणून सोडून दिलं. कदाचित वय असेलही, पण आधी हे तपासूया. किडनीवर ताण येतो, खडे होतात, म्हणून मला घाई आहे. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, पुड्या बंद करा, आजपासून. डॉक्टरना कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि त्या ग्रंथींचं हार्मोन, पीटीएच, परत बघायला सांगा.

राहिला तो फॉरवर्ड, डी आणि के२ जीवनसत्त्व घेतलं की धमन्यांमधलं कॅल्शियम निघून हाडांत जातं. तुमच्या मित्राची अँजिओप्लास्टी झाल्यापासून तुम्ही घाबरलाय, ते कळतं मला. पण धमनीतलं कॅल्शियम म्हणजे नळात साचलेला क्षार नाही की धुतला आणि गेला, तिथल्या सुजलेल्या भिंतीतल्या पेशीच हाडासारख्या वागायला लागतात. धमनीत कॅल्शियम बसू न देणारं एक प्रथिन के जीवनसत्त्वावर चालतं, एवढा भाग खरा. पण डेन्मार्कमध्ये ३६५ पुरुषांना दोन वर्षं के२ आणि डी देऊन बघितलं, २०२२ मध्ये निकाल आला, हृदयाच्या झडपेवरचं कॅल्शियम वाढायचं थांबलं नाही. अमेरिकेत व्हायटल नावाच्या चाचणीत २५,८७१ लोकांना पाच वर्षांच्या वर तपासलं, रोज २००० युनिट डी घेणाऱ्यांना हार्ट अटॅक काही कमी आले नाहीत. डायबेटिस टाळायलाही २,४२३ जणांवर बघून झालं, ठोस फरक दिसला नाही. ज्यांचं मुळात कमी आहे त्यांनी भरून काढावं, बाकीच्यांनी ओतत राहून काही मिळत नाही. बाबा, तुमच्या धमन्यांसाठी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि चालणं. संध्याकाळच्या चहाबरोबर दोन उंडे पाव खाता त्यातला एक कमी केलात तरी त्या पुडीपेक्षा जास्त उपयोग.

आई, आता तुझं. पुड्या उष्ण पडत नाहीत, जेवणानंतर दुधातून घे, पण डॉक्टरना विचारून कोर्स नव्याने सुरू कर आणि संपला की संपला. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकत्र घेतेस ना? तसं नको, कॅल्शियम थायरॉइडची गोळी अंगाला लागू देत नाही, मधे चार तास हवेत, म्हणून कॅल्शियम दुपारी जेवल्यावर. नाचण्याचं तिझान चालू ठेव, बाजारात तारले मासे मिळाले तर काट्यासकट खा, सुक्या मासळीची किसमूर कर, शिवराक म्हणजे बिनमाशांच्या दिवशी तीळ. खारो बांगडो मात्र बाबांच्या ताटात नको.

आणि ऊन. बाबा साडेसहाला चालून येतात ते तब्येतीला उत्तम, पण त्या उन्हात डी तयार होत नाही, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन लागतं. आई मे महिन्यात आमसुलाची सोलां वाळत घालते तेव्हा बसते तेवढीच, तेही छत्री घेऊन! बल्कांवात, ओसरीच्या सावलीत बसून उपयोग नाही ग, अकराला पंधरा-वीस मिनिटं अंगणात, हातपाय उघडे.

शनिवारी दादा लॅबमध्ये नेणार आहे, तोवर बाबांनी पाणी भरपूर प्यायचं. उरलेल्या पुड्या आईच्या कपाटात, किल्ली आईकडे. आणि बाबा, फार्मसीवाल्याला मी फोन केलाय.

तुमची,
बाय