चिमू, रंध्याच्या तोंडाला बोट लावू नकोस

प्रिय चिमू,

काल तू पाठवलेला व्हिडिओ बघितला, एकदा नाही चार वेळा बघितला. आईला वाटलं मी कौतुकाने बघतोय, आणि कौतुक आहेच गं, स्वतःच्या पगारातून घेतलेला प्लॅनर, म्हणजे विजेवरचा रंधा, टिंबर मार्केटमधून शोधून आणलेलं वाड्याचं जुनं सागवान, आणि पहिल्याच दिवशी एवढा सरळ हात. पण ३८ व्या सेकंदाला तू मशीन बंद केलंस, उलटं केलंस आणि अडकलेली ढलपी काढायला तळावरून बोट फिरवलंस. पाती तेव्हा फिरत होती. आवाज खाली आला होता म्हणून तुला थांबली असं वाटलं असणार, पण व्हिडिओ थांबवून बघ, ती फट नुसती धूसर दिसतेय. माझ्या पोटात गोळा आला, रात्री डोळ्याला डोळा नाही लागला. फोन केला असता तर तू हो बाबा, हो बाबा करून ठेवून दिला असतास, म्हणून आज दुकान उशिरा उघडणार आहे आणि हे सगळं टाईप करत बसलोय, सावकाश वाच.

ती सवय तुझी नाही, माझी आहे. तू सात वर्षांची असताना आपल्या पडवीत मी तुला पाटाखाली पाट देऊन बेंचपाशी उभं करायचो आणि फणसाच्या फळीवर रंधा मारायला शिकवायचो, आठवतं का, फणसाचा पिवळा भुसा तुझ्या केसात असायचा आणि आई ओरडायची. तेव्हा मीच सांगितलं होतं, दोनचार हात मारले की रंधा उलटा करायचा, तळावरून तळवा फिरवायचा, तोंडात साल अडकली असेल तर बोटाने काढायची. हातरंध्याला ते बरोबरच आहे. त्याचं पातं तू ढकलल्याशिवाय काही करत नाही, गप्प बसून असतं. माझ्या वडिलांनी मला तसंच शिकवलं, मी तुला. पण हीच सवय मशीनवर नेली की हात जातो. मशीन नवीन आणि हात जुना, त्यात सगळा घोटाळा आहे.

तुझ्या मशीनच्या पोटात एक रूळ आहे, त्यावर दोन पाती समोरासमोर बसवलेली. या ८२ मिलीमीटरच्या प्लॅनरचा रूळ रिकामा फिरताना मिनिटाला साधारण १६ हजार फेरे घेतो. दोन पाती म्हणजे मिनिटाला ३२ हजार घाव, म्हणजे सेकंदाला पाचशेच्या वर. बटण सोडलं की वीज बंद होते, रूळ बंद होत नाही, तो आपल्या वेगावर काही सेकंद फिरत राहतो, आणि शेवटचा सेकंदसुद्धा बोटाला पुरेसा असतो. बटण सोड, दोन्ही हात मुठीवरच ठेव, मशीन लाकडापासून वर धरून ठेव, आवाज पूर्ण मेला की मग खाली. काही मशीनला मागे तळाशी एक छोटा पाय असतो, उचललं की आपोआप खाली येतो, तो मागची बाजू वर धरतो म्हणून पातं टेबलाला लागत नाही. तुझ्या मशीनला तो आहे का बघ. नसेल तर थांबल्यावर आडवं ठेवायचं किंवा पुढच्या बाजूला एक फळीचा तुकडा टेकण म्हणून लावायचा. आणि काम संपलं की पुढची आकड्यांची मूठ फिरवून शून्यावर आण, पुढचा तळ पात्यांच्या पातळीला येतो, म्हणजे कोणी चुकून मशीन सरकवलं तरी पातं बाहेर नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी तुला मी आजपर्यंत खोटी सांगितली. माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट. तुला सांगितलं होतं करवतीने गेलं. करवतीने नाही गेलं. तू दोन वर्षांची होतीस, जून महिना होता, पहिल्या पावसाचे दिवस, एका बंगल्याच्या दरवाजांचं काम चालू होतं आणि मशीन कामाच्या ठिकाणचं होतं, माझं स्वतःचं नव्हतं. त्याला बटण दाबून धरायला लागू नये म्हणून बाजूला लॉकची खीळ होती, मी दिवसभर ती लावूनच काम करायचो, बोट दुखतं ना. दुपारी लाईट गेली. मशीन थांबलं, मी उलटं करून फळीवर ठेवलं आणि म्हटलं बरं झालं, तेवढ्यात तोंड साफ करून घेऊ, ओल्या लाकडाचा लगदा झाला होता नुसता. प्लग भिंतीत, लॉक दाबलेलं, आणि माझं बोट फटीत. लाईट आली.

एवढंच झालं. दुखलं नाही लगेच, नुसता एक धक्का बसल्यासारखा आणि मग पांढऱ्या भिंतीवर लाल. करवतीने बोट तुटलं तर तुकडा सापडतो, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घालून ती पिशवी बर्फावर ठेवली आणि वेळेत पोचलं तर डॉक्टर कधी कधी जोडतातही. प्लॅनर तुकडा ठेवत नाही गं. तो त्याचाही भुसाच करतो. माझ्या बोटाचं जोडायला काही उरलंच नव्हतं. कोणीतरी जखमेत हळद भरली, चांगल्या मनानेच भरली, पण ती साफ करताना जे हाल झाले ते बोट जाताना नव्हते झाले. असं कुणाचंही झालं तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून हात वर धरायचा आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं, जखमेत काही भरायचं नाही, कॉफी नाही, हळद नाही.

तुला खोटं सांगितलं कारण तू लहान होतीस आणि मला तुला कामाची भीती घालायची नव्हती. मोठी झालीस तेव्हा सांगायला हवं होतं. राहिलं ते राहिलंच.

म्हणून लाईट गेली की पहिलं काम, लॉक सोडव, दुसरं, प्लग काढ, मग चहा घे, गप्पा मार, काय करायचं ते कर. खरं विचारशील तर लॉक वापरूच नकोस, बोट दुखलं तर थांब, तेवढ्या वेळात लाकडाकडे बघ. आणि तोंडापाशी काहीही करायचं असेल, ढलपी काढायची असो, पातं बदलायचं असो, नुसतं वाकून बघायचं असो, प्लग भिंतीतून काढून तुला दिसेल असा समोर टेबलावर ठेवायचा. स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही, मागून कोणी पंखा लावायला म्हणून भलताच स्विच दाबतो.

वाड्याच्या लाकडाबद्दल. ते सागवान सोन्यासारखं आहे, असं आता मिळत नाही, पण त्याच्या पोटात काय असतं ते वरून दिसत नाही. जुने खिळे डोकं तुटून आत राहिलेले असतात, वरून तेलाचा काळा थर बसलेला, नजरेला काही कळत नाही. बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून घे, सुतळीला बांध आणि फळीवरून इंच इंच फिरव, जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण कर. खिळा निघत असेल तर पकडीने काढ, नसेल निघत तर पटाशीने भोवतालचं कोरून काढ, आणि तेही जमलं नाही तर तेवढा भाग कापून टाक, जीव जळला तरी चालेल. फिरतं पातं खिळ्यावर आपटलं तर पात्याचा कपचा उडतो आणि तो कुठे जाईल याचा नेम नाही, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच, साधा नंबरचा नाही, बाजूने बंद असलेला. चुना आणि वाळू चिकटलेली असेल तर आधी तारेच्या ब्रशने घासून काढ, नाहीतर पातं दहा मिनिटांत बोथट. सागात मुळातच वाळूसारखं सिलिका असतं, पाती इतर लाकडापेक्षा लवकर जातात, त्यात वरून अजून वाळू कशाला. बोथट पात्याने माणूस जोर लावतो आणि जोर लावला की मशीन उसळतं. पाती बदलशील तेव्हा दोन्ही एकदम बदल, एक जुनं एक नवीन करू नकोस, रूळाचा तोल जातो आणि सगळं मशीन थरथरतं. बोल्ट आवळून झाले की एकदा परत आवळून बघ, मी अजूनही तिसऱ्यांदा बघतो. पात्याला हात लावताना मधे जाड फडकं घे. पण मशीन चालू असताना सैल हातमोजे नकोत, आणि ओढणी तू कमरेला खोचली होतीस तेवढं पुरत नाही, काढून खुंटीला लाव, वेणीचा अंबाडा घाल, मनगटावरचं ते घड्याळही काढ.

मारायची पद्धत तुला येते, व्हिडिओत दिसलं, पुढचा तळ लाकडावर टेकवून, पातं लाकडाला न लागता मशीन सुरू, पूर्ण वेग आला की मग पुढे सरकायचं, सुरुवातीला पुढच्या मुठीवर भार आणि शेवटाला मागच्या. ते हातरंध्यासारखंच आहे, ते हाताने बरोबर लक्षात ठेवलंय. फक्त एका वेळी अर्ध्या मिलीमीटरच्या वर घेऊ नकोस, मशीन जास्त घेऊ शकतं म्हणून घ्यायचं नसतं, आणि गाठ आली की अजून कमी. लाकडाची रेघ बघ कुठल्या बाजूला चढतेय, तिच्या चढाच्या दिशेने मार, उलटं मारलंस तर लाकूड उपटून येतं आणि हाताला झटका बसतो. आणि दोन्ही हात. कायम दोन्ही हात मशीनवर. तू तो फूटभराचा तुकडा डाव्या हाताने धरून उजव्या हाताने मशीन चालवत होतीस, व्हिडिओत शेवटी, तेही बघितलं मी. लाकूड धरायला हात नसतो, शिकंजा असतो. दोन सी-क्लॅम्प आण, शिकंजा तळाच्या वाटेत येणार नाही असा लाव. आणि एवढे छोटे तुकडे मशीनवर घेऊच नकोस, त्यासाठी तुझ्याकडे माझा जुना रंधा आहे ना, आजोबांचा, त्याला धार लावून दिलीय मी. इंटरनेटवर लोक प्लॅनर उलटा करून शिकंज्यात बांधतात आणि वरून लाकूड सरकवतात, ते बघून करायला जाऊ नकोस, पाती उघडी वर आणि तुझी बोटं त्यांच्यावरून, मला कल्पनाही करवत नाही.

वायर खांद्यावरून मागे टाकायची, पात्याच्या पुढे कधीच नको. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडून वापर, गुंडाळलेली राहिली तर आतल्या आत तापते. घरमालकांना विचार बोर्डात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारं बटण, आहे का, नसेल तर बसवून घे, पैसे मी देतो, यात भाड्याचं घर वगैरे काही बोलू नकोस. पावसाळ्यात गॅलरीत ओल्या फरशीवर काम नको.

मास्क एन९५ लाव, नुसता रुमाल नाही. आम्ही आयुष्यभर रुमालावर काढली, पण लाकडाचा भुसा कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने १९९५ सालीच जाहीर केलंय, नाकाचा असतो तो बहुतेक, आणि ते मला आता आता कळलं. जुन्या दारावर ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो पेंट प्लॅनरने काढू नकोस, सगळ्या घरभर उडेल. कानालाही लाव काहीतरी, फोमचे बोळे मिळतात. मला आता कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, आईच मोजते.

थकलीस की बंद कर. ऑफिसवरून येऊन रात्री दहाला मशीन लावायचं नाही, शेजाऱ्यांसाठी म्हणून नाही, तुझ्या डोळ्यांवर झोप असते म्हणून. रात्री सॅंडपेपर मार, गुण्या लावून मापं बघ, डिझाईन काढ, कामं भरपूर असतात.

आणि एक पार्सल पाठवलंय, एसटीने, उद्या संध्याकाळपर्यंत स्वारगेटला येईल, पावतीचा फोटो पाठवतो. त्यात बांबूची एक कामटी आहे, टोक चपटं करून तासलंय, फटीत बरोबर जातं, ढलपी काढायला. तिला वीतभर सुतळी बांधलीय. ती सुतळी तुझ्या मशीनच्या वायरला अगदी प्लगच्या बुडाशी बांध, घट्ट. प्लग भिंतीत असेल तेव्हा कामटी भिंतीपाशीच लटकणार, मशीनपर्यंत यायचीच नाही, ती हवी असेल तर प्लग काढूनच आणावी लागेल. सुतळी आखूड वाटेल, मुद्दाम आखूड ठेवलीय, वाढवू नकोस. बांधलीस की फोटो पाठव, प्लग आणि गाठ दोन्ही दिसतील असा.

तुझा,
बाबा