फ्रान्समधल्या नव-शापेलच्या मादामना, साताऱ्याहून

प्रिय मादाम,

निघताना तुमचे आभार नीट मानताच आले नाहीत. मोबाइल भाषांतर करत होता खरा, पण घसा दाटून आल्यावर तो तरी काय बोलणार!

आमच्या देव्हाऱ्यात कांस्याची एक चकती आहे. तिच्यावर सिंह, त्रिशूळ घेतलेली बाई आणि पणजोबांचं नाव. पहिल्या महायुद्धानंतर ती इंग्रज सरकारकडून आली. पणजीने तिला कुंकू लावलं आणि टाकांशेजारी ठेवून दिली. पणजोबा खडकीच्या सफरमैना पलटणीत होते आणि ‘फ्रान्सात गेले’, एवढंच घराला ठाऊक होतं. कुठे आणि कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्रीला पान वाढायचं.

इंग्रज कारकुनाने आमचं आडनाव इतकं वाकडं लिहिलं होतं की मी स्वतः नोंदी चाळूनही हाती काही लागलं नाही. तुम्ही मात्र आडनाव सोडून बापाचं नाव आणि गाव धरून शोधलंत. मराठीचं एक अक्षर येत नसताना! मग सापडली 28 ऑक्टोबर 1914 ही तारीख. पूल बांधणाऱ्या, सुरुंग लावणाऱ्या त्या माणसांना त्या दिवशी पायदळासारखं तुमच्या गावात घुसवलं होतं आणि घराघरातून लढाई झाली. आमच्याकडे दिवाळी होऊन जेमतेम दहा दिवस झाले असतील.

‘ला बाँब’च्या चौकातल्या त्या गोल स्मारकात तुम्ही थेट त्या ओळीपाशीच नेलंत. थडगं नसलेल्या 4,700 हून अधिक भारतीयांची नावं आहेत तिथे. मी एकटी आले असते तर अशोकस्तंभासारख्या त्या खांबाचे फोटो काढून परतले असते.

तुमचं शेतही विसरत नाही. सपाट, चिकट माती, हातभर खणलं की पाणी. बांधावर गंजका तोफगोळा पडला होता. नांगराला लागला, सरकारी माणसं येऊन नेतील, असं तुम्ही इतक्या सहज सांगितलंत, जणू बटाट्याचं पोतंच उचलायचंय. तुमची आजी 1919 मध्ये परतली तेव्हा गाव म्हणजे विटांचा ढीग होता, हेही त्याच सुरात. त्या पडझडीत टिकलेला क्रूसावरचा ख्रिस्त 1958 मध्ये पोर्तुगालला गेला, बातालियाच्या मठात. आमचे पणजोबा मात्र तुमच्याकडेच राहिले.

घरी आल्यावर गुरुजींकडून त्या तारखेची तिथी काढून घेतली. यंदा पहिल्यांदाच त्यांच्या दिवशी त्यांचं पान वाढलं: भात, वरण, अळूची भाजी, खीर. शेजारी तुमच्या चिकोरीच्या कॉफीची वाटी ठेवली. काकूंनी नाक मुरडलं, पण उचलली नाही.

मार्चमध्ये धाकटा भाऊ येतोय. त्याला साखर जरा जास्त लागते.

तुमची,
सफरमैनावाल्यांची पणती