म्हापशाच्या दादांना, सगळ्यांसमोर

दादा, फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "सोड रे ते" म्हणून विषय बदलता, म्हणून आता लिहूनच टाकतो.

ती आठ सेकंदांची क्लिप घेऊन तुमच्याकडे आलो तोवर दीड महिना मी दारोदार फिरलो होतो. लग्नांचं शूटिंग-एडिटिंग हा माझा धंदा. फोंड्याच्या हॉलमधलं लग्न, पाठवणीची वेळ, नवरी आजीच्या गळ्यात पडलीये, आजी तिच्या तोंडावरून हात फिरवतायत, आणि नेमका मागे डेकोरेशनवाल्याचा पोरगा फुलं उतरवायला शिडीवर चढतो. त्या दिवशी मला त्याचं काहीच वाटलं नाही. दोन महिन्यांनी आजी गेल्या आणि नवरीच्या आईचा फोन आला, आईचा हलताबोलता शेवटचा व्हिडिओ तोच आहे, मागचा शिडीवाला काढता येईल का रे? मी हो म्हणून बसलो.

ज्या क्लासला फी भरून मी आफ्टर इफेक्ट्स, म्हणजे व्हिडिओत इफेक्ट आणि टायटल घालायचं सॉफ्टवेअर, शिकलो तिथे आधी गेलो. तीन महिने त्यांनी नवरानवरीची नावं सोनेरी धुरातून बाहेर काढायला शिकवलं होतं, आता म्हणे याच्यासाठी ॲडव्हान्स कोर्स लाव. दुसऱ्याने नवा पीसी, ज्यादा रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि वर सॉफ्टवेअरचे दर महिन्याचे पैसे असा आकडा काढून दिला की दोन लग्नांची कमाई गेली असती. तिसऱ्याने क्लिप ठेवून घेतली आणि फोन उचलायचंच बंद केलं. राग येतो अजून. यांच्यातल्या एकानेही ती क्लिप आवाज लावून बघितली नव्हती.

तुम्ही आधी हेडफोन मागितलात. क्लिप पूर्ण बघितलीत, परत एकदा बघितलीत, आणि विचारलंत, "आजींचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं दादा. हळदीपासून पाठवणीपर्यंत त्या घरात कॅमेरा घेऊन वावरलो, आजींच्या हातचा चहा प्यालो, पण नाव विचारलं नव्हतं. तुमच्या बाल्कनीतून नवरीच्या आईला फोन लावून विचारलं, त्या फोनवरच रडल्या. तुम्ही प्रोजेक्टला आजींचं नाव दिलंत आणि मगच कामाला लागलात. बाकी सगळ्यांकडे त्या फाईलचं नाव "लॅडर रिमूव्ह" होतं. मला सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं असेल तर ते हे.

कामाचं सगळं इथे सांगत बसत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर होता आणि पोरगा तिसऱ्या सेकंदाला येतो, म्हणून त्याच्या आधीच्या फ्रेममधली रिकामी भिंत उचलून पुढे लावता आली, ट्रॅकिंगची, म्हणजे हलत्या चित्राबरोबर तुकडा हलवत न्यायची, भानगडच नाही. वेळ खाल्ला तो आजींच्या पदराने, तो शिडीसमोरून जातो तेवढ्या चाळीसेक फ्रेमचा मास्क, म्हणजे पदराची कड, हाताने ओढावा लागला. आणि शेवटी तुम्ही त्या लावलेल्या भिंतीवर थोडं ग्रेन, म्हणजे चित्रात असतात तसे बारीक हलते दाणे, टाकलंत, नाहीतर बाकी चित्रातला नॉइज हलतो आणि तेवढा तुकडा मेल्यासारखा गप्प दिसतो. हे मला कुठल्याच क्लासने सांगितलं नव्हतं.

मग मी विचारलं की कंपोझिटिंगचं, म्हणजे असे चित्राचे तुकडे जोडायचं, सॉफ्टवेअर घेऊच का आता, तर तुम्ही टेबलावरची एक जुनी लग्नपत्रिका उलटी केलीत आणि म्हणालात, गेल्या सीझनची लग्नं आठव. चौदा लग्नं. त्यात असं काम खरोखर लागलं असतं असे शॉट किती? मोजून सात निघाले, आणि त्यातले पाच तर शूटिंगच्या वेळी एक स्टँड बाजूला सरकवला असता किंवा "भाऊ जरा दोन मिनिटं थांब" म्हटलं असतं तरी वाचले असते. राहिले दोन. त्या दोनसाठी तू महिन्याला पैसे भरणार? एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हवर करतोस ना, मग असल्या कामाचं फ्यूजन २०१८ पासून त्या सॉफ्टवेअरच्या आतच आहे, फुकटच्या व्हर्जनमध्येसुद्धा. आफ्टर इफेक्ट्समधल्या एकावर एक लेयरची सवय असली की फ्यूजनमधले एकमेकांना जोडायचे नोड सुरुवातीला डोकं खातात, ते खातातच, पण दोन शॉटपुरतं शिकता येतं. हेही सांगितलंत की उद्या टायटल आणि टेम्प्लेटचं काम रोज यायला लागलं तर आफ्टर इफेक्ट्स घे, तयार टेम्प्लेट त्याच्यासाठीच ढिगाने मिळतात, तेव्हा ते पैसे वसूल होतील.

दादा, तुमचं पोट याच कामावर आहे. "अशी क्लिप आली की माझ्याकडे आण, इतके पैसे पडतील" एवढं बोलला असतात तरी मी आनंदाने वर्षभर आणून दिल्या असत्या. माणसाला खरी गरज किती हे मोजून सांगणारी माणसं धंद्यात कमी भेटतात, आणि भेटली की आपणच दुसऱ्याशी जरा नीट वागायला लागतो. आता मी पाठवणीआधी डेकोरेशनवाल्यांना स्वतः जाऊन सांगतो. आणि प्रत्येक लग्नात घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं विचारून वहीत लिहून ठेवतो.

नवरीच्या घरच्यांनी तो व्हिडिओ टीव्हीवर लावला तेव्हा मी तिथे होतो. कोणी काही बोललं नाही, आठ सेकंद संपले की परत लावायचे, असं किती वेळ चाललं.

देव बरें करूं, दादा. पैसे तुम्ही घेतले नाहीत. चवथीला आई नेवऱ्यांचा डबा देणार आहे तुमच्यासाठी, त्याला तरी नाही म्हणू नका.